पेपर, नाटक, पब आणि आता संस्था: हा बायोडेटा लिहायचा तरी कसा?

रात्रपाळी

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

वय ४३, माहेर सासर दोन्ही डोंबिवली. २००३ ला एका मराठी पेपरात ट्रेनी उपसंपादक म्हणून लागले. रात्रपाळी, संध्याकाळी सातला जायचं ते दोन-अडीचला सुटायचं, आधी डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी) सोडायची मग शहर. २६ जुलै २००५ ला ऑफिसातच अडकलेले, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस हा आकडा मी माझ्या हाताने पान एकवर लावलाय आणि दोन रात्री टेबलाखाली जुने अंक अंथरून झोपलेय. त्याच ऑगस्टमध्ये डान्सबारबंदी आली, त्याच्या बातम्याही आमच्याच डेस्कवरून गेल्या. हे का सांगतेय ते पुढे येईल.

मग आमचे नाट्यसमीक्षक काका रिटायर झाले आणि परीक्षणं माझ्या गळ्यात पडली, कारण बाकी कुणाला शनिवार-रविवार घालवायचे नव्हते. त्यातून एका निर्मात्याशी ओळख झाली, तो म्हणाला नुसती लिहितेस काय, ये आणि करून बघ. २००९ ला पेपर सोडला. चार वर्षं त्याच्याकडे व्यवस्थापक होते, म्हणजे तारखा, बुकिंग, जाहिराती, बस, टेम्पो, कलाकारांची नाइट (म्हणजे दर प्रयोगाचे पैसे), कोकणातले दौरे, सगळं. २०१३ ला दोन पार्टनर घेऊन स्वतःचं नाटक काढलं. ४१ प्रयोग झाले आणि बंद पडलं. नाटक वाईट नव्हतं हो, खरंच नव्हतं, पण आम्हाला चांगल्या तारखा मिळेनात आणि मंगळवारी दुपारी नाटक बघायला कोण येतं. कर्ज झालं, बांगड्या गेल्या.

कर्ज फेडायला म्हणून २०१४ ला लोअर परळच्या एका पबमध्ये लागले. आधी प्रोग्रॅमिंग, कुठल्या दिवशी कोण गाणार, कुठला डीजे, कुठल्या दिवशी स्टँडअप. नंतर हळूहळू अख्खं ऑपरेशन्सच माझ्याकडे आलं, सहा वर्षं काढली. २७ जानेवारी २०२० ला मुंबईत हॉटेलं-मॉल रात्रभर उघडे ठेवायची पॉलिसी सुरू झाली, आम्ही किचनचं रोस्टर तीन शिफ्टचं केलं, नवीन मुलं घेतली, आणि दोन महिन्यांत कुलूप. त्या बंद किचनमध्ये मग आम्ही अडकलेल्या मजुरांसाठी खिचडीची पाकिटं करायला लागलो. पाकिटं कुठे किती द्यायची ती यादी माझ्याकडे होती. त्या यादीमुळेच एका संस्थेशी जोडले गेले, बेघरांसाठी रात्रनिवारे चालवतात. आज चार वर्षं मानधनावर तिथे आहे.

आता तिथे कायम पद निघालंय, निधी उभारणे आणि कार्यक्रम. सगळे म्हणतात तूच कर. पण विश्वस्तांपुढे बायोडेटा ठेवावा लागतो, तो ठेवला, आणि एका विश्वस्तांनी म्हटलं की "यात सातत्य दिसत नाही." परत लिहून आणा म्हणाले.

तर विचारायचंय हे की पबची सहा वर्षं लिहायची का गाळायची? (सासूबाई अजून नातेवाइकांना मी "हॉटेल लाइनला" होते असं सांगतात, आणि एका मावशींनी चक्क विचारलं होतं म्हणजे डान्सबार का ग.) बुडालेलं नाटक लिहायचं का? आणि कुठून सुरू करायचं, पेपरपासून का आत्तापासून?

---

सरळसोट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं मुलाखती घेण्यात गेली. मी त्या विश्वस्तांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. सहा वर्षं इथे, चार वर्षं तिथे, मग सहा वर्षं आणखी कुठे. माणूस कामाचा असेलही, पण उद्या आमच्याकडून कुठे जाणार याची खात्री काय? आणि पैसे गोळा करायच्या जागेवर असा माणूस बसवायचा म्हणजे जोखीम. "तो मी नव्हेच"मधला लखोबा लोखंडे असाच प्रत्येक गावात वेगळा धंदा सांगायचा. हलकं घ्या, पण त्या विश्वस्तांच्या डोक्यात हेच चाललं असणार.

---

पडद्यामागचा

सरळसोट काका, लखोबा काढलाच आहे तर पुढचंही ऐका. तो लखोबा लिहिला कुणी? अत्र्यांनी. ते आधी शाळेत मास्तर, मग नाटककार, सिनेमावाले, "श्यामची आई"ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारे आणि रोज "मराठा"चे अग्रलेख पाडणारे संपादक. बसवला कुणी? मो. ग. रांगणेकरांनी, तेही मुळात पत्रकार आणि संपादक, १९४१ ला नाट्यनिकेतन काढलं आणि पुढच्या वर्षी "कुलवधू" आणलं. त्या लखोबाचा पहिला प्रयोग ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत झाला, फिरत्या रंगमंचावर. लिहिणारा पत्रकार, बसवणारा माजी पत्रकार. आता त्या दोघांचा बायोडेटा तुमच्या बँकेत आला असता तर तुम्ही परत पाठवला असता 😀

मोहन वाघ घ्या. कॅमेरा गळ्यात अडकवून क्रिकेटच्या मॅचेसचे फोटो काढणारा माणूस, त्याने चंद्रलेखा ही नाट्यसंस्था काढली आणि नाटकामागून नाटकं केली, नेपथ्यही स्वतःच करायचे. आमच्या लाइनमध्ये सरळ रस्त्याने आलेला निर्माता मी तरी पाहिलेला नाही. कुणी पोस्टातून आला, कुणी मिलमधून, कुणी कँटीन चालवत होता.

आता ताई तुम्हाला. मी तीस वर्षं बॅकस्टेजला आहे, आधी सेट लावायचो, आता लाइट बघतो. तुम्ही "व्यवस्थापक होते" एवढंच लिहून मोकळ्या झाल्यात, बायोडेटातही हेच केलं असणार. व्यवस्थापक काय करतो हे विश्वस्तांना कुठून कळणार? त्यांना वाटतं दारावर उभं राहून तिकिटं फाडतो. अहो शिवाजी मंदिर, गडकरी, बालगंधर्व, तिन्ही ठिकाणच्या तारखा तीन-तीन महिने आधी जुळवायच्या, त्यात हिरोचं सिरीयलचं शूटिंग, हिरॉईनचं बाळंतपण, टेम्पो रात्री पुण्याहून निघून सकाळी ठाण्यात पोचला पाहिजे नाहीतर चारच्या प्रयोगाला सेट उभा राहत नाही, वर परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाच्या सेन्सॉरचं) सर्टिफिकेट, अनुदानाची फाइल, आणि प्रयोग संपल्यावर त्याच रात्री प्रत्येकाच्या हातात नाइटचं पाकीट. उधारी नाही. बुकिंग अर्धं झालं असलं तरी पाकीट पूर्ण. हे चार वर्षं ज्याने केलं त्याला मी डोळे मिटून संस्थेची तिजोरी देईन.

आणि बुडालेलं नाटक लिहायचं. ४१ प्रयोग म्हणजे काय बुडालं? आजकाल पाटी बदलायच्या आत उतरतात नाटकं. एकच विचारतो, खरं सांगा, बंद केलं तेव्हा बॅकस्टेजच्या पोरांचे पैसे राहिले होते का?

---

रात्रपाळी

नाही राहिले. बांगड्या त्यातच गेल्या. पार्टनर म्हणत होते पोरांना पुढच्या नाटकात बघू, मी म्हटलं पुढचं नाटकच नाहीये तर कधी बघणार.

सरळसोट काका, राग नाही आला, थोडं लागलं फक्त. पण एक सांगू, मी कुठूनही कंटाळून नाही निघाले. पेपर सोडला तेव्हा पगार कमीच होत होता, नाटक बंद पडलं, पब बंद पडला. धरसोड करायला आधी धरलेलं आपल्या हातात तरी राहायला हवं ना.

---

हिशेबनीस_पुणे

मी दोन छोट्या ट्रस्टचे हिशेब बघतो, तिसऱ्यात स्वतः विश्वस्त आहे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने बोलतो.

"सातत्य दिसत नाही" हे विश्वस्तांचं सभ्य वाक्य आहे ताई. त्याच्या खाली खरी भीती वेगळी असते. निधी उभारणारा माणूस म्हणजे संस्थेच्या नावाने लोकांकडून पैसे घेणारा माणूस, आणि तुमच्या बायोडेटातले दोन धंदे, नाटक आणि पब, बाहेरच्याला रोकडीचे वाटतात. बुकिंगच्या खिडकीवरची रोकड, बारच्या गल्ल्यातली रोकड. आमच्याकडे दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणगीदाराला आयकरात ८०जीची सूट मिळत नाही, कंपनीकडून सीएसआरचे (सामाजिक जबाबदारीचे) पैसे घ्यायचे तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, परदेशातून घ्यायचे तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आणि त्यात २०२० पासून प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही. एका पावतीची गडबड झाली तर धर्मादाय आयुक्तांकडे उत्तरं द्यायला विश्वस्त जातो, नोकर नाही. म्हणून घाबरतात. माणूस वाईट असतो असं नाही.

तेव्हा पब गाळू नका. गाळलात तर सहा वर्षांचं भोक दिसेल आणि ते भोक पबपेक्षा वाईट दिसतं. शिवाय कुणीतरी कुणालातरी ओळखतंच, मुंबई एवढी पण मोठी नाही. उलट तिथे काय सांभाळलं ते विश्वस्तांना कळेल अशा शब्दांत लिहा. तुमच्याकडे लायसन्स कुठली कुठली होती ते सांगा बरं जरा?

---

रात्रपाळी

बाप रे, बसा मोजत. राज्य उत्पादन शुल्कचं एफएल-३ म्हणजे दारू विकायचं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण आणि दारूचं रजिस्टर रोजच्या रोज, बाटलीत किती पेग उरले इथपर्यंत. महापालिकेचं आरोग्य खात्याचं, अन्नसुरक्षेचं एफएसएसएआय, पोलिसांचं परफॉर्मन्सचं, गाणी वाजवायची वेगळी लायसन्स, फायर एनओसी. डिसेंबर २०१७ ला कमला मिलची आग लागली, १४ माणसं गेली, आमच्यापासून चालत अंतरावर. त्यानंतर महापालिकेने गच्च्या-शेड पाडायला सुरुवात केली तेव्हा आमच्या मालकाने मला विचारलं की आपल्याकडे सगळं आहे ना. मी फाइल टेबलावर ठेवली. मागचा जिना आम्ही आधीपासून मोकळा ठेवायचो, बिअरची क्रेट तिथे ठेवू द्यायचे नाही म्हणून बारमन माझ्यावर वैतागायचे. त्या आगीनंतर एकानेही तोंड उघडलं नाही.

वय बघायचं काम पण. आपल्याकडे हार्ड लिकरला २५ पूर्ण लागतात, बाहेरगावची पोरं येतात त्यांना माहीतच नसतं, २३ वर्षांच्या इंजिनीअरला दारावरून परत पाठवायचं म्हणजे रोजची भांडणं.

मुलींचं पण सांगते. २०१७ च्या नव्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार बायकांना रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर त्यांची लेखी संमती हवी आणि संरक्षण, वाहन वगैरे सोय हवी. आमच्याकडे अकरा मुली होत्या. घरी सोडायच्या गाडीचा रूट मी पेपरातल्यासारखा लावला होता, शेवटची उतरणारी मुलगी कधी एकटी ठेवायची नाही, ती उतरेपर्यंत गार्ड गाडीत. पेपरात आम्हाला सोडायचे ना रात्री, तिथून शिकले ते.

---

हिशेबनीस_पुणे

हे घ्या. हेच लिहायचं होतं. तुमच्या संस्थेचा धंदा काय? रात्रनिवारा. तिथे काय लागतं? आग लागली तर जिना मोकळा, रात्री दारावर येणाऱ्याला हाताळणं, रजिस्टर रोजच्या रोज, बायका-मुली सुरक्षित, पालिकेच्या खात्यांशी संबंध. यातलं एकही काम सरळ नोकरी केलेल्या माणसाला येत नाही (काका, तुम्हाला नाही म्हणत).

---

खिडकीतली_मांजर

मी मराठी, गेली अकरा वर्षं न्यू जर्सी. तुमचा धागा वाचून मला एल्सा मॅक्सवेल आठवली. आयोवातल्या छोट्या गावात जन्मलेली बाई, दिसायला बेताची, पैसा नाही, नाटक कंपनीबरोबर फिरली, मूकपटाच्या थिएटरात पियानो वाजवला, गाणी रचली, मग पॅरिसमध्ये एका नामांकित ड्रेस डिझायनरबरोबर नाइटक्लब चालवले, मग पेपरात कॉलम, रेडिओवर कार्यक्रम. श्रीमंतांना रात्रभर शहरात वस्तू शोधत फिरवायचा खेळ तिनेच लोकप्रिय केला. मारिया कॅलास आणि ओनासिसची ओळख करून देणारीही हीच. आणि पुढे मोठमोठ्या चॅरिटी बॉलसाठी यजमानीण म्हणून हिलाच बोलवायचे, कारण कुणाला कुणाशेजारी बसवलं की कोण चेकबुक काढतो ते तिला ठाऊक.

दुसरा बॉब गेल्डॉफ. गाण्याच्या बँडमुळे माहीत असतो, पण त्याआधी कॅनडात व्हँकूव्हरला संगीत पत्रकार होता. टीव्हीवर इथिओपियाच्या दुष्काळाची बातमी बघितली आणि १९८४ ला मदतीसाठी गाणं, १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड हा मदतीचा जलसा, एकाच दिवशी लंडन आणि फिलाडेल्फिया. त्याला फोन करता येत होते हीच काय ती त्याची पात्रता. अर्थात त्या पैशांचं पुढे काय झालं यावर खूप वाद आहेत, त्यात पडत नाही.

तुम्ही बायोडेटात लिहू नका अर्थात ही नावं 😄 पण मुलाखतीला जाताना डोक्यात असू द्या.

---

पडद्यामागचा

परदेशात कशाला जाताय, पुण्यातच आहे की. अनिल अवचट. शिक्षणाने डॉक्टर, काम लेखणीचं. गर्दच्या व्यसनावर त्यांनी लेख लिहिले, ते पुलं आणि सुनीताबाईंनी वाचले आणि पुलंच्या फाउंडेशनमधून एक लाख रुपये दिले, त्यातून १९८६ ला मुक्तांगण उभं राहिलं, आणि ते रोजच्या रोज चालवलं डॉ. सुनंदा अवचटांनी. आणि पुलंच्या फाउंडेशनचा पैसा कुठला? पुस्तकांचा आणि प्रयोगांचा, म्हणजे तिकीटविक्रीचाच हो. तर पेपर, नाटक आणि संस्था ही साखळी आपल्याकडे जुनीच आहे. पब तेवढा मध्ये नव्हता.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे तियात्रवाल्यांना (तियात्र म्हणजे आमचं कोंकणी नाटक) हा प्रश्न पडत नाही, कारण एकच माणूस लिहितो, बसवतो, स्टेजवर कांतार (गाणं) म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर भोंगा लावून जाहिरात करतो. पहिलं तियात्र तुमच्या मुंबईतच झालं, १७ एप्रिल १८९२, न्यू आल्फ्रेड थिएटरात. चर्चच्या नाहीतर एखाद्या क्लबाच्या मदतीसाठी तियात्र ठेवायचं हे इथे नेहमीचंच, कॉन्ट्रॅक्टर शो विकत घेतो आणि तिकिटं खपवतो.

पण ताई एक सावधगिरीचा शब्द. मी किनाऱ्यावर सात वर्षं एका क्लबात होतो, नंतर एका मुलांच्या संस्थेत गेलो. तिथे मी क्लबवाल्यांकडून देणगी आणली, चांगली मोठी, आणि विश्वस्तांनी ती परत करायला लावली, दारूचा पैसा मुलांना नको म्हणून. मला तेव्हा राग आला होता, क्लबवाल्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आता वाटतं त्यांना आधी विचारायला हवं होतं. तुम्हीही पहिल्याच दिवशी विचारून घ्या, तुमची अर्धी फोनडायरी त्याच लाइनची असणार.

---

रात्रपाळी

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रात्रनिवाऱ्यात येणाऱ्यांपैकी कितीतरी जण दारूमुळेच रस्त्यावर आलेत. विचारते.

---

हिशेबनीस_पुणे

मांडवीकाठ, बरोबर. आमच्याकडे तर लेखी ठराव आहे, तंबाखू-दारू-गुटखा कंपनी नको म्हणून.

ताई, मी तुमच्या बायोडेटाचा पहिला परिच्छेद लिहून बघितलाय, हवा तसा बदला:

"गेली २० वर्षं मी मुंबईत रात्री चालणारी कामं सांभाळतेय. दैनिकाची रात्रपाळी, व्यावसायिक नाटकाचे दौरे, ११ महिला कर्मचाऱ्यांसह परवानाधारक उपाहारगृह आणि गेली चार वर्षं बेघरांचे रात्रनिवारे. या काळात माझ्याकडच्या एकाही परवान्याची मुदत उलटली नाही आणि कुणाही कामगाराचं देणं राहिलं नाही."

शेवटचं वाक्य खरं आहे ना ते तेवढं तपासा. खोटं असेल तर काढा, कारण लोक नेमकं तेच धरतात. खाली मग आत्तापासून मागे जा. नाटकाखाली ४१ प्रयोग आणि देणी पूर्ण फेडली असं लिहा, बंद पडलं वगैरे रडगाणं नको.

---

सरळसोट

"परवानाधारक उपाहारगृह" म्हणजे पब. शब्दांचे खेळ आहेत हे. पब लिहा सरळ. मी विश्वस्त असतो तर मला हा शब्द लपवलेला दिसला असता आणि तिथेच शंका आली असती.

बाकी परिच्छेद चांगला आहे. जिन्याचं पण टाका.

---

रात्रपाळी

काकांचं पटलं. "पब" लिहिते. आणि परवान्याचं वाक्य बदलावं लागेल, २०१८ ला गाण्यांच्या एका लायसन्सला आम्हाला नऊ दिवस उशीर झाला होता, दंड भरलाय. कामगारांचं मात्र खरं आहे.

---

रात्रपाळी (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, सॉरी. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

मीटिंग झाली. पाच विश्वस्त, त्यातले ते सातत्यवाले अगदी समोर. त्यांनी बायोडेटा वाचला, चष्मा काढला आणि पहिला प्रश्न विचारला, ३१ डिसेंबरच्या रात्री तुमच्याकडे रोकड कोण मोजायचं? मी म्हटलं दोघं जण, दोघांच्या सह्या, आणि त्या दोघांतली मी कधीच नसायचे, मी फक्त सकाळी बँकेत भरलेली स्लिप आणि बिलं जुळवायचे. पुढचा प्रश्न म्हणे का? म्हटलं नाटकात असताना आमच्या बुकिंगवाल्याने एकदा गडबड केली होती आणि मोजणारी पण मीच आणि तपासणारी पण मीच होते, त्यामुळे महिनाभर कळलंच नाही. ते जरा हसले.

मग दारूच्या पैशाचं मीच काढलं. अर्धा तास त्यांचं आपसातच भांडण झालं. शेवटी ठरलं की कंपन्यांचा नको, पण हॉटेलात काम करणारी मुलं स्वतःच्या पगारातून देत असतील तर घ्यायचं. लॉकडाऊनमध्ये खिचडी त्यांनीच रांधली होती, हे एक बाई विश्वस्त म्हणाल्या, मी नाही.

एकीने विचारलं बेघरांची मोजणी तुम्ही केलीत का कधी. मला तो विषय आवडतो, जरा जास्तच बोलले बहुतेक. जनगणनेतसुद्धा बेघरांची मोजणी एकाच रात्रीत होते, २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या एका रात्री जो माणूस नातेवाइकाकडे झोपला, किंवा हमालीला मार्केटात होता, तो गेला. आम्ही संस्थेसाठी मोजतो तेव्हा रात्री एक ते चारमध्येच जातो, शेवटची लोकल गेल्यावर, कारण त्याच्या आधी कोण प्रवासी आणि कोण मुक्कामी ते कळत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा म्हणून, तर मुंबईला किती हवेत ते तुम्हीच भागाकार करा. एवढं बोलून झाल्यावर ते सातत्यवाले म्हणाले, तुम्हाला दिवसा झोप लागते का?

सहा महिने प्रोबेशनवर घेतलंय. पगार पबच्या निम्मा, नाटकापेक्षा बरा. सासूबाई आता फोनवर "समाजकार्य करते" सांगतात, मावशींना आधी ऐकवलं त्यांनी.

पहिलं काम दिलंय निधीसाठी नाटकाचा प्रयोग. हिशेबनीस, तिकीट हजाराचं ठेवू का आणि ८०जीची पावती देता येईल का?

---

हिशेबनीस_पुणे

अभिनंदन!! आणि नाही. तिकिटाच्या पैशावर ८०जीची पावती फाडायची नाही, त्याने नाटक बघितलंय, दान नाही दिलं. नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याच्या वर गेलात की सूट जाते. तिकीट पाचशेच ठेवा आणि दारात देणगीचं वेगळं टेबल लावा, वेगळं पावतीपुस्तक, आणि क्यूआर. स्मरणिका काढणार असाल तर जाहिरातीचा पैसा पण वेगळा दाखवायचा. प्रयोगाची परवानगी वगैरे तुम्हाला मी काय सांगणार.

---

मांडवीकाठ

मस्त वाटलं वाचून. मध्यंतरात टेबलवाला माणूस बाहेर उभा ठेवा, नाटक संपल्यावर लोक रिक्षाकडे पळतात, तेव्हा कोण देत नाही.

---

रात्रपाळी

पडद्यामागचा दादा, आहात का? शिवाजी मंदिरला डिसेंबरात एखादा शनिवार दुपारची तारीख कुणी सोडत असेल तर कानावर घाला ना.

---

पडद्यामागचा

शनिवार विसरा, शनिवार मिळाला असता तर तुमचं नाटक ४१ वर थांबलं असतं का. एका निर्मात्याकडे गुरुवार रात्रीची तारीख आहे, हिरो दौऱ्यावर चाललाय म्हणून सोडतोय बहुतेक. उद्या अकराच्या आत फोन करा त्यांना, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, मी सांगितलं म्हणा. लाइटला मी येईन, नाइट नको मला. पोरांची मात्र द्यायची, त्याच रात्री.